श्रवणयंत्र बंद ठेवून पूल खेळणे हा गैरफायदा ठरतो का?

प्रश्न : मी पुण्यात राहतो. माझे वय २६ वर्षे आहे. लहानपणापासून मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि मी दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरतो. गेली काही वर्षे मी नाइन-बॉल पूलच्या (बिलियर्ड्ससारख्या टेबलावर नऊ क्रमांकित चेंडूंनी खेळायच्या खेळाच्या) खुल्या स्पर्धा खेळत आहे. टेबलापाशी गेलो की मी यंत्रे बंद करतो, कारण हॉलमधला सगळा गोंगाट त्यांतून कानावर आदळत राहतो. मागच्या स्पर्धेत मी अंतिम सामना जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याने लेखी तक्रार केली की मला मिळणारी शांतता इतरांना मिळत नाही, म्हणून हा गैरफायदा आहे. आयोजक संस्थेने मला न बोलावता, माझे म्हणणे न ऐकता बक्षिसाची रक्कम रोखून धरली. यापुढे यंत्रे चालू ठेवूनच खेळावे किंवा वेगळ्या 'विशेष गटात' खेळावे, आणि तशी लेखी संमती द्यावी, असे पत्रही पाठवले. हॉलमध्ये सर्वांसमक्ष 'बहिऱ्याचं बरं आहे' असेही कोणी म्हणाले. माझे खेळणे खरोखर अन्यायाचे आहे का, आणि मी आता काय करावे?

उत्तर : तुम्ही पाठवलेले पत्र आणि स्पर्धेचे नियमपत्रक मी वाचले. कोणत्याही परिस्थितीत त्या संमतीपत्रावर सही करू नका. एकदा सही केलीत की आज जी संस्थेची एकतर्फी सक्ती आहे तिला उद्या तुमची स्वेच्छेने दिलेली कबुली म्हटले जाईल. कायद्याने तुमची बाजू भक्कम आहे असे माझे मत आहे. मात्र तिच्यात एक कच्चा दुवा आहे आणि तो प्रतिपक्षाने दाखवण्याआधी तुम्ही स्वतः दुरुस्त केला पाहिजे. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी फायद्याचा प्रश्न घेऊ. उत्तर लिहिताना 'मला शांततेचा काहीच उपयोग होत नाही' असे लिहू नका. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातले शेन व्हॅन बोनिंग यांना जन्मापासून कमी ऐकू येते. यूएस ओपन नाइन-बॉल स्पर्धा त्यांनी पाच वेळा जिंकली आणि २०२२ मध्ये ते नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. टेबलावर असताना श्रवणयंत्र बंद ठेवण्याची त्यांची सवय पूल खेळणाऱ्यांमध्ये सर्वांना ठाऊक आहे आणि शांततेमुळे एकाग्रता राहते हे कोणी नाकारत नाही. जे सर्वांना दिसते ते नाकारले की तुमच्या उरलेल्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो. कायद्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : हा फायदा खेळाच्या नियमांनी निषिद्ध मानलेला आहे का, आणि सर्व बाजूंचा हिशेब केल्यावर तो निव्वळ फायदा उरतो का?

पहिल्या भागाचे उत्तर नियमांतच आहे. प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे हे पूलच्या प्रचलित नियमांनुसार अखिलाडू वर्तन ठरते. म्हणजे नेम धरताना कोणी आवाज करून व्यत्यय आणू नये, ही अपेक्षा नियमांनी प्रत्येक खेळाडूच्या बाजूने आधीच मान्य केलेली आहे. तुमच्या बहिरेपणाने तुम्हाला मिळणारी शांतता नियमांच्या हेतूविरुद्ध जात नाही. जे वातावरण आयोजकांनी सर्वांनाच द्यायला हवे, ते तुम्हाला आयोजकांच्या मदतीशिवाय मिळते, इतकाच फरक आहे. शिवाय शारीरिक फरक या खेळात पहिल्यापासून आहेत. उंच आणि लांब हातांचा खेळाडू टेबलाच्या मध्यापर्यंत सहज पोहोचतो. बुटक्याला रेस्ट (क्यूला, म्हणजे खेळण्याच्या काठीला, आधार देणारे साधन) वापरावी लागते, आणि रेस्टने खेळलेला फटका हाताने टेकवून खेळलेल्या फटक्याइतका हुकमी नसतो. म्हणून उंच खेळाडूला कोणी वाकून खेळायला सांगत नाही. ज्याच्याकडे कमी आहे त्याला साधन देणे, ही या खेळाची रीत आहे.

दुसऱ्या भागावर तुम्ही अधिक भर द्या, कारण तक्रारदाराने तिकडे पाहिलेलेच नाही. यंत्रे बंद असताना तुम्ही काय गमावता? नाइन-बॉलमध्ये लागोपाठ दोन फाऊल झाल्यावर खेळाडूला तशी सूचना दिली जाते आणि तिसरा फाऊल झाला की तो रॅक, म्हणजे तो डाव, हरतो. ही सूचना तोंडी दिली जाते. ब्रेकनंतर, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्यानंतर, 'पुश आउट' (नेहमीच्या काही नियमांतून सूट असलेला फटका) खेळायचा असेल तर तो आधी जाहीर करावा लागतो आणि तोही तोंडीच. शॉट क्लॉक (प्रत्येक फटक्याची वेळ मोजणारे घड्याळ) लावलेले असेल तर वेळ संपत आल्याचा इशारा बहुधा आवाजाने मिळतो. याखेरीज टेबलाचा स्वतःचा आवाज असतो. क्यूचे टोक घसरल्याचा, क्यू बॉलला (ज्या पांढऱ्या चेंडूवर फटका मारतात त्याला) दोनदा स्पर्श झाल्याचा, चेंडू कडेच्या गादीला लागल्याचा आवाज अनुभवी खेळाडू कानाने ओळखतो आणि फाऊलविषयी वाद झाला तर त्याच आधाराने बोलतो. हे सगळे तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. अनेक श्रवणबाधित व्यक्तींच्या कानात शांततेतही सतत गुंजन चालू असते. तुम्हाला तो त्रास असल्यास ऑडिओलॉजिस्टच्या अहवालात त्याची नोंद करून घ्या, म्हणजे 'संपूर्ण शांतता' हे तक्रारीतले गृहीतकच ढासळेल. आणि यंत्रे चालू ठेवण्याची सक्ती तुम्हाला इतरांच्या बरोबरीला आणत नाही, कारण श्रवणयंत्र जवळच्या बोलण्याबरोबर पंखे, खुर्च्या आणि प्रेक्षकांचा आवाजही वाढवते. ऐकू येणाऱ्या माणसाचा मेंदू हा गोंगाट सहज मागे सारतो, यंत्रातून ऐकणाऱ्याला ते तितके जमत नाही. म्हणजे संस्थेची अट पाळलीत तर तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक गोंगाटात खेळाल.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. 'आम्ही खासगी संस्था आहोत, आम्हाला तो लागू नाही' असे उत्तर येण्याची शक्यता आहे. त्यावर कलम २ दाखवावे. तेथील 'खासगी आस्थापना' या व्याख्येत कंपनी, सोसायटी, असोसिएशन, ट्रस्ट अशा साऱ्या संस्था येतात. भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून करायचा योग्य तो बदल, नाकारणे हाही भेदभाव मानलेला आहे. कलम ३ च्या पोटकलम (३) नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येत नाही. अपवाद एकच : ती कृती वैध उद्दिष्ट साधण्याचे प्रमाणशीर साधन आहे, असे दाखवून दिले गेले पाहिजे. ते कोणी दाखवायचे, हा तुमच्या प्रकरणाचा कणा आहे. निर्बंध घालणाऱ्याने ते दाखवायचे असते. तुम्हाला मिळालेल्या पत्रात पुरावा, तपासणी किंवा तज्ज्ञाचे मत यांपैकी काहीही नाही. केवळ तक्रारदाराचे म्हणणे पुन्हा लिहिलेले आहे.

स्पर्धा न्याय्य असावी हे वैध उद्दिष्ट आहेच, ते मान्य करा. साधन प्रमाणशीर आहे का, यावर लढा. शांतता हीच अडचण असेल तर सर्व खेळाडूंना कानात साधे बोळे घालण्याची मुभा देता येते. त्यासाठी जवळपास काही खर्च नाही आणि कोणाचे काही हिरावलेही जात नाही. इतका सोपा उपाय हाताशी असताना एकाच खेळाडूवर वैद्यकीय उपकरण चालवण्याची सक्ती करणे किंवा त्याला खुल्या स्पर्धेतून वेगळ्या गटात काढणे हे प्रमाणशीर कसे, याचे समाधानकारक उत्तर मला तरी सुचत नाही.

या प्रश्नावर भारतीय न्यायालयाचा अगदी नेमका निवाडा हाती नसला तरी विचाराची दिशा ठरलेली आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाची मागणी करणाऱ्या उमेदवाराला दिलासा दिला. सोयीचा गैरवापर होईल या भीतीने खऱ्या गरजूला ती नाकारता येत नाही, आणि वाजवी सोयीसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट केले. क्रीडा क्षेत्रात आपल्याकडील धावपटू द्युती चंद यांचे प्रकरण पाहा. जुलै २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्यांना रोखणारे नियम स्थगित केले, कारण नैसर्गिक शारीरिक वैशिष्ट्यामुळे नेमका किती फायदा होतो हे आंतरराष्ट्रीय महासंघाला सिद्ध करता आले नव्हते. फायदा 'असू शकतो' एवढे पुरेसे नाही, तो मोजून दाखवावा लागतो, हा त्यातला तुमच्या कामाचा भाग. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये पायाच्या विकाराने ग्रस्त गोल्फपटू केसी मार्टिन यांना गाडीतून मैदान फिरण्याची मुभा देताना, खेळाचे मूळ स्वरूपच बदलते का, हा प्रश्न त्या व्यक्तीच्या परिस्थितीकडे पाहून तपासला. हे परदेशी निर्णय आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण ते आधार म्हणून दाखवता येतात. प्रतिपक्ष कदाचित २०२० मधले अमेरिकी धावपटू ब्लेक लीपर यांचे प्रकरण पुढे करील, ज्यात कृत्रिम पायांमुळे एकूण फायदा होतो असे लवादाने मानले. त्याला दोन उत्तरे आहेत. सिद्धतेचा भार खेळाडूवर टाकणारा नियम त्या प्रकरणातही अवैध ठरला होता. आणि तिथे वाद एका उपकरणाच्या वापराचा होता, तुम्ही तर उपकरण बंद ठेवून खेळता.

आणखी एक विसंगती पत्रात नोंदवा. कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे डेफलिंपिक्समध्ये, चांगल्या कानाचा श्रवणऱ्हास किमान ५५ डेसिबल असावा लागतो आणि स्पर्धा चालू असताना श्रवणयंत्र वापरण्यास बंदी असते. तिथे ऐकू येणे हा फायदा समजतात, तर तुमची संस्था ऐकू न येण्याला फायदा म्हणते. तो नियम कर्णबधिर खेळाडूंमधल्या समानतेसाठी आहे, खुल्या स्पर्धेला थेट लागू होत नाही, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका. तरी तुमच्या संस्थेने घेतलेली भूमिका किती अपुऱ्या विचाराची आहे हे त्यातून दिसते.

आता तो कच्चा दुवा. आजची बहुतेक श्रवणयंत्रे ब्लूटूथने फोनशी जोडता येतात. सामना चालू असताना बाहेरून कोणी सल्ला देऊ नये हा रास्त नियम आहे, आणि कानातले यंत्र खरोखर बंद आहे की त्यातून कोणी बोलत आहे हे समोरच्याला दिसत नाही. तक्रारीत हा आक्षेप नाही, पण सुनावणीत तो नक्की येईल आणि तो वाजवी असेल. म्हणून तुम्हीच लिहून द्या की सामन्यापूर्वी यंत्रे काढून पंचांकडे ठेवण्याची तुमची तयारी आहे. त्याबरोबर सोय मागा : दोन फाऊलची सूचना, 'पुश आउट' आणि वेळेचा इशारा हाताच्या खुणेने किंवा फलकावर दिला जावा. हे मागितल्याने तुमची बाजू दुबळी होत नाही, उलट शांततेची किंमत तुम्ही कशी मोजता हे संस्थेच्या लक्षात येते.

कागदपत्रांत ताजा ऑडिओग्राम सर्वांत महत्त्वाचा आहे. अधिनियमाच्या अनुसूचीनुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर व्यक्ती 'ऐकण्यास कमी' या वर्गात आणि ७० डेसिबल असेल तर 'कर्णबधिर' या वर्गात येते. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) नसेल तर आजच अर्ज करा. तुमचा ऱ्हास ६० डेसिबलपेक्षा कमी निघाला तर काम अवघड होईल, तरी ते संपणार नाही, कारण दिव्यांग व्यक्तीची सर्वसाधारण व्याख्या दीर्घकालीन ज्ञानेंद्रियविषयक बाधा आणि समाजातल्या अडथळ्यांनी होणारी अडवणूक यांवर आधारलेली आहे.

पहिले पाऊल म्हणून संस्थेच्या प्रमुखाकडे लेखी तक्रार नोंदणीकृत टपालाने पाठवा. अधिनियमाखालील २०१७ च्या नियमांतील नियम ३ नुसार, खासगी संस्थेत वीस किंवा अधिक लोक कामाला असतील तर, त्याने एक तर कारवाई करायची असते, नाहीतर आपली कृती प्रमाणशीर कशी हे तुम्हाला लेखी कळवायचे असते. उत्तर आले नाही किंवा पोकळ आले, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात राज्य आयुक्तांकडे तक्रार करा. ती ६० दिवसांत निकाली काढण्याची तरतूद त्याच नियमात आहे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, मात्र त्यांचा आदेश शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. तात्पुरती स्थगिती देण्याचा अधिकार आयुक्तांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या, १९९५ च्या कायद्याखालील एका प्रकरणात २०१० मध्ये म्हटले आहे. त्यामुळे पुढची स्पर्धा तोंडावर असेल तर मनाई हुकुमासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागेल. आयोजक संस्था राज्य किंवा राष्ट्रीय महासंघाशी संलग्न असून निवड तिच्यामार्फत होत असेल, तर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकाही विचारात घेता येते. क्रिकेट नियामक मंडळाबाबत २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक स्वरूपाचे काम करणाऱ्या खासगी संस्थेविरुद्ध हा मार्ग खुला ठेवला आहे. एखाद्या हॉलपुरत्या संस्थेला मात्र तो लावणे कठीण.

तुमचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतला गेला, हा मुद्दा स्वतंत्रपणे मांडा. टी. पी. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया, बेळगाव या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सभासदाविरुद्ध कारवाई करणाऱ्या खासगी संस्थेनेही स्वतःचे नियम आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली पाहिजेत. त्या प्रकरणात सभासद हरला होता, पण त्याला नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी मिळाली होती. तुम्हाला ती मिळालेली नाही.

हॉलमधल्या शेऱ्याविषयी थोडेच लिहितो. कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. ते बोलणे मनाला किती लागते हे मी समजू शकतो. तरीही ज्या एका वाक्याचा हेतू सिद्ध करणे अवघड आहे त्यावर फौजदारी तक्रार करून मूळ वाद झाकोळू देऊ नका. तारीख, वेळ आणि साक्षीदारांची नावे टिपून ठेवा. असे पुन्हा झाले तर वेगळा विचार करू.

राहिली बक्षिसाची रक्कम. स्पर्धा ज्या नियमपत्रकावर झाली त्यात यंत्रे चालू ठेवण्याची अट नव्हती, आणि निकाल लागल्यावर मागच्या तारखेने नवी अट लावून रक्कम अडवता येत नाही. ती स्पर्धेत प्रवेश घेताना झालेल्या कराराने तुम्हाला देय आहे. वसुलीच्या दाव्यासाठी कराराचा भंग झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, तरी नोटीस पंधरा दिवसांची मुदत देऊन आत्ताच पाठवा, आणि तिच्यासोबत प्रवेश फीची पावती, सामन्याची गुणपत्रिका आणि त्या दिवशीच्या नियमपत्रकाची प्रत जोडा.