ग्रब मारल्याने मोल जात नाही

अमेरिकेतल्या ओहायोत तुमचं नवं घर, रातोरात हिरवळीवर उठलेल्या फुगीर रेघा, ट्यूलिपचे कंद गायब, आणि वर लॉनवाल्याचं कोटेशन: "ग्रब मारा, मोल आपोआप जाईल." ग्रब म्हणजे मातीतल्या हुमणीसारख्या अळ्या, आणि मोल म्हणजे जमिनीखाली बोगदे उकरणारा छोटा प्राणी; त्या रेघा त्याच्याच. तेच कोटेशन आमच्याही गळ्यात मारलं गेलं होतं. ग्रब मेले, बिल आलं, मोल तिथंच. कंपनीचं उत्तर काय, तर "पुढच्या सीझनला परत मारू". सही करू नका.

तुमच्याकडचा बहुधा ईस्टर्न मोल. हा उंदीर नव्हे, चिचुंद्रीच्या जवळचा. दात अणकुचीदार, डोळे कातडीखाली झाकलेले, पुढचे पंजे लांबीपेक्षा रुंद आणि तळवे बाहेर वळलेले. दोन्ही नाकपुड्यांनी वेगवेगळा वास घेऊन तो भक्ष्याची दिशा ठरवतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक नाकपुडी बंद केली, तर गडी दुसऱ्याच बाजूला भरकटला! मुख्य खाणं गांडुळं. ग्रब मिळाले तर खातोच, पण ते संपले म्हणून घर सोडत नाही, उलट खाणं विरळ झालं की जास्त उकरतो. आणि गांडुळं मारायला निघालात तर मातीचंच वाटोळं. खाणं हे असं, म्हणून आमिषाला धान्याचं विष, शेंगदाणे, च्युइंगगम हे सगळं फुकट.

रेघा पाहून डझनभर असतील असं वाटतं. तसं नसतं. एकटा राहणारा प्राणी. एकरात तीन-पाचाच्या वर क्वचित, आणि एकच मोल तासाला १५ फुटांच्या आसपास उकरतो.

खरा उपाय ट्रॅप, आणि तो फसतो जागेमुळे. वेडीवाकडी रेघ खाण्याच्या शोधातली. तिथं तो पुन्हा येईलच असं नाही. ड्राइव्हवे, कुंपण किंवा घराच्या पायालगतची सरळ रेघ धरा. पाच-सहा ठिकाणी टाचेने दाबून झेंड्या लावा. दुसऱ्या दिवशी जिथं माती पुन्हा उचललेली दिसेल, तो रस्ता चालू. तिथं बोगद्याचं वीतभर छत दाबून सपाट करा. हार्पून ट्रॅप म्हणजे स्प्रिंगने मातीत सुळे खुपसणारा सापळा. त्याचे सुळे आधी दोनदा मातीतून खाली-वर करा, म्हणजे खडा आड येणार नाही. मग ट्रिगरची पट्टी दाबलेल्या मातीला अगदी चिकटवून ठेवा. मोल अडथळा उचलायला जातो आणि पट्टी वर ढकलतो. मध्ये बोटभर फट राहिली तर सुळे सुटतच नाहीत. दोन-तीन दिवसांत काही नाही, तर जागा बदला. वसंतात आणि पानगळीत, पावसानंतर लावा. कडक उन्हाळ्यात आणि माती गोठल्यावर तो गांडुळांमागे खोल जातो.

मी प्राणितज्ज्ञ नाही, आणि ट्रॅपचे नियम राज्यागणिक वेगळे (वॉशिंग्टन राज्यात २००० सालच्या मतदानाने असे ट्रॅप बंद झाले), तेव्हा आधी चौकशी करा. मुलं, कुत्रा असेल तर ट्रॅपवर बादली पालथी घाला.

मारायचं नसेल तर एरंडेल: ६ औंस तेल, २ टेबलस्पून भांड्यांचा लिक्विड साबण, १ गॅलन पाणी. त्यातलं १ औंस परत गॅलनभर पाण्यात घालून माती चांगली भिजवा. घराच्या बाजूकडून सुरुवात करून बाहेर सरका. जोराचा पाऊस झाला की पुन्हा. काहींना गुण येतो, काहींना नाही. मला यावर फारसा भरवसा नाही.

कंदांचा आळ मात्र मोलवर नको. ते बहुधा व्होलचं काम. व्होल म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा छोटा प्राणी, तो मोलचेच बोगदे वापरतो. त्याला साधा उंदराचा सापळा, पीनट बटर लावून, बिळाच्या तोंडाशी आडवा.