जुना फोटो ओळखायचा तर दगड बघा
कोरियन देवळाचा जुना फोटो हाती आला की रंगावर जाऊ नका. लाकूडकाम पुन्हा पुन्हा रंगवतात. दगड बघा. ग्योंगजू शहरातल्या बुल्गुक्सा या बौद्ध देवळात समोरच्या दगडी जिन्यांच्या वर, दरवाजाच्या दोन्ही अंगांना ओवऱ्या नसतील, तर फोटो १९६९–७३च्या जीर्णोद्धाराआधीचा. मग आतले दोन दगडी स्तूप: मुख्य मंदिराकडे तोंड केलं की नक्षीदार दाबोताप उजवीकडे, साधा सोक्गाताप डावीकडे. उलट दिसतंय आणि मागे मुख्य मंदिरही आहे? मग काचेची निगेटिव्ह उलटी छापली गेलीय. हे बऱ्याचदा होतं. इक्सान शहरातल्या मिरुक्सा देवळाचा दगडी स्तूप तर सोपाच: सिमेंटने लिंपलेला असेल तर १९१५च्या डागडुजीनंतरचा. ते सिमेंट २००१मध्ये सुरू झालेल्या कामात काढलं. तुलनेसाठी नवा फोटो काढताना वाइड लेन्स टाळा, कडेचे खांब तिरके येतात.