प्रत्येक भेग म्हणजे भ्रंश नव्हे

नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीवरचा फोटो पाठवून ‘दादा, फॉल्ट (भ्रंश) सापडला!’ म्हणालास. नाही रे बाप्पा, ती लाव्हा थंड होताना तडकलेली बेसाल्ट खडकाची भेग आहे. दोन्ही बाजूंचा खडक एकमेकांवरून सरकलेला असला तरच भ्रंश. सरकल्याची खूण शोध: घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग, त्यावर एकाच दिशेच्या रेघोट्या, तुटून वरखाली झालेले थर.

खरा भ्रंश पाहायचा तर नागपुरातून सातपुड्याकडे वळ. गाविलगड भ्रंशाच्या पट्ट्यात सालबर्डीला गरम पाण्याचा झरा आहे. तिथे ज्वालामुखी नाही. पाणी भेगांमधून खोल जातं, तापतं आणि पुन्हा वर येतं. पलीकडे नर्मदा भ्रंशांनी आखलेल्या खोलगट पट्ट्यातून पश्चिमेला धावते.

जमिनीवर भ्रंशाचं दिसतं ते थोडंच. 22 मे 1997 चा जबलपूरचा भूकंप 5.8 तीव्रतेचा होता आणि त्याचं केंद्र सुमारे 35 किलोमीटर खोल होतं. खंडाच्या आतले बहुतेक भूकंप याहून बरेच उथळ असतात. माझ्या मते नवख्याने आधी हाच भूकंप अभ्यासावा.

भ्रंशाचं हवामानाशी नातं मात्र फार संथ. भ्रंशामुळे खडक उचलला, फुटला की पावसातला कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी अभिक्रिया करून नद्यांवाटे समुद्रात जातो, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा हा वायू हवेतून कमी होतो. यात लाखो वर्षं जातात. तेव्हा यंदाच्या उन्हाळ्याचं खापर भ्रंशावर फोडू नको.

आणि मे महिन्यात फिरायला निघू नको, डिसेंबरात जा.