रविवारी कोपरा चकाचक, बुधवारी परत उकिरडा

प्रश्न : ताई, आमच्या मंडळाच्या पोरांनी मागच्या रविवारी चौकातल्या डीपीशेजारचा कचऱ्याचा ढीग उचलला, भिंत रंगवली, वर वारली चित्रं काढली, रील पण टाकली. बुधवारी बघतो तर परत पिशव्या पडलेल्या! आता पोरं म्हणतायत कॅमेरा लावू आणि टाकणाऱ्यांचे फोटो ग्रुपवर टाकू. करू का तसं?

उत्तर : नको रे बाबा. ज्याचा फोटो टाकशील तो जन्माचा वैरी होईल आणि पिशवी पलीकडच्या गल्लीत नेऊन टाकेल, बाकी काही होणार नाही.

तुम्ही कचरा उचललात पण तो येतो कुठून हे बघायचं राहिलं. आधी हातमोजे घालून दोन-चार पिशव्या उघडून बघा, किळस वाटेल पण सगळी कुंडली तिथेच कळते. डायपर, भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या निघाल्या तर घरचा कचरा. कोबीचा पाला, अंड्याची टरफलं, चटणीच्या पुड्या निघाल्या तर रात्रीचा खाण्याचा हातगाडीवाला. मग सकाळी लवकर आणि रात्री दहानंतर कुणीतरी चहाचा कप घेऊन तिथे उभं राहा, भांडायचं नाही, नुसतं बघायचं. बऱ्याचदा असं निघतं की घंटागाडी येते नऊला आणि माणसं कामाला जातात सातला, मग दाराला कुलूप लावताना हातातली पिशवी ठेवायची कुठे? अशा वेळी वॉर्डातल्या मुकादमाला भेटून गाडीची वेळ बदलून घेणं हे भिंत रंगवण्यापेक्षा जास्त कामाचं, फक्त त्याची रील होत नाही इतकंच.

मुकादमाशी बोलायचं अजून एक कारण आहे. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये किनारा साफ करायला सुरुवात केली, २०१६ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, आणि तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी काम थांबवलं होतं, कारण काही लोक स्वयंसेवकांना शिवीगाळ करत होते आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. नंतर काम परत सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. म्हणजे एवढ्या मोठ्या मोहिमेचं घोडं पण अडलं कुठे, तर भरलेली पोती न्यायची कुणी इथे! तुम्ही पोती भरायच्या आधीच ट्रॅक्टर कधी येणार ते ठरवून घ्या. ओला-सुका तिथेच वेगळा करा. काचा, सुया हाताने उचलू नका, फावडं वापरा.

भिंतीचं म्हणशील तर बंगळुरूची 'द अग्ली इंडियन' ही मंडळी बघ, नाव-चेहरा न दाखवता वर्षानुवर्षं असेच कोपरे दुरुस्त करतायत. ते भिंतीचा खालचा पट्टा विटकरी रंगाने रंगवतात, म्हणजे पानाची पिचकारी पडली तरी उठून दिसत नाही. कोपरा साफ झाला की तिथे कुंड्या ठेवतात, कारण जागा मोकळी दिसली की पहिली पिशवी पडतेच आणि एक पडली की दुसऱ्याला परवाना मिळतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रोज सकाळी कुणीतरी ती पहिली पिशवी उचलायला हवी. पाळी लावा. (देवाच्या फोटोंच्या टाइल्स मात्र लावू नका, लोक त्याच्या शेजारी टाकतात आणि वर देवाचे हाल.)

गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे आणि संध्याकाळी त्याच गावाला कीर्तनात फैलावर घ्यायचे. तुमचं झाडून झालंय, आता त्या हातगाडीवाल्याला आणि त्या सातच्या ड्युटीवाल्यांना जाऊन भेटा, गोड बोलून.

प्रश्न : आमच्या सोसायटीला रस्त्यावरच्या झाडांची खोडं ऑइल पेंटने रंगवून बुंध्याला पेव्हर ब्लॉकचा ओटा बांधायचाय. चालेल?

उत्तर : ऑइल पेंट अजिबात नको, खोडाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. ओटा पण नको, बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी ठेवा म्हणजे पावसाचं पाणी मुळांपर्यंत जाईल. हौसच असेल तर क्लासच्या जाहिरातींचे खिळे पक्कडीने उपटून काढा आणि जुन्या लायटिंगच्या तारा सोडवा, त्या सालीत रुतून बसतात. पुण्यात लोकांनी असे खिळे काढायची मोहीमच चालवली होती. आणि फांद्या छाटायच्या असतील तर आधी उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्या, शहरातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे.