आर-टू-डी-टूला यंत्रमानव म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: जुन्या विज्ञानपटांबद्दल मराठीत लिहिताना प्रत्येक रोबोला ‘यंत्रमानव’ म्हणायची पद्धत आहे. पण ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू-डी-टू तर घुमटाकार झाकणाच्या पिंपासारखा दिसतो, बोलतो तेही शिट्ट्या वाजवून. त्याच्यात ‘मानव’ कुठे आहे? मग त्याला काय म्हणावं? आणि ड्रॉइड, अँड्रॉइड, सायबॉर्ग हे सगळे एकच का?

माझं मत आधी सांगतो. आर-टू हा रोबो आहे, यंत्रमानव नाही. त्याच्याबरोबर कुरकुरत चालणारा सोनेरी सी-थ्रीपीओ रोबोही आहे आणि यंत्रमानवही. ‘यंत्रमानव’ हा शब्द रूपाबद्दल बोलतो: यंत्र आहे, पण घडण माणसाची. ‘रोबो’ हा शब्द मुळात रूपाबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो ते कामाबद्दल, आणि तेही कोणत्या स्थितीत करायच्या कामाबद्दल.

हा शब्द चेक भाषेतला. कारेल चापेक यांचं ‘आर.यू.आर.’ हे नाटक 1920 साली छापून आलं आणि 1921 च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात रंगमंचावर आलं. त्यातल्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावं, हे चापेकना सुचत नव्हतं. लॅटिन ‘लाबोर’वरून त्यांनी ‘लाबोरी’ असं काहीतरी योजलं होतं, पण ते त्यांना फार पुस्तकी वाटत होतं. त्यांचे भाऊ योसेफ चित्रकार होते. ते कॅनव्हाससमोर उभे होते, तोंडात ब्रश होता, आणि तशाच अवस्थेत ते म्हणाले, मग रोबोट म्हण की. ही हकिगत खुद्द कारेल यांनीच 1933 मध्ये वर्तमानपत्रात लिहून ठेवली आहे.

चेकमध्ये ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने, मोबदल्याशिवाय करायचं काम. चेक प्रदेश तेव्हा ज्यात होता त्या हॅब्सबर्ग राज्यात ही पद्धत 1848 मध्ये रद्द झाली. याला मराठीत नेमका शब्द आहे: वेठ. संस्कृतातल्या ‘विष्टि’पासून तो आला. कौटिल्यापासून ताम्रपटांपर्यंत विष्टी म्हणजे राजाने किंवा धन्याने फुकट करून घेतलेलं काम. पुढे फारसीतून बेगार आली, आपण तिची बिगार केली आणि दोन्ही जोडून ‘वेठबिगार’ हा जोडशब्द बनवला, जसा कागद आणि पत्र जोडून ‘कागदपत्र’ बनवला तसाच. त्यामुळे रोबोटचा शब्दशः मराठी अर्थ सांगायचा तर तो ‘वेठबिगार’ होतो. भारतात वेठबिगारी कायद्याने बंद झाली ती 1976 साली. म्हणजे चेक लोकांना जो शब्द ऐकल्याबरोबर अंगावर येई, तो आपल्यालाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ‘यंत्रमानव’ने तो धागा तोडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या शब्दाची मुळं आणखी मागे जातात. स्लाव्हिक ‘रोब’, जर्मन ‘आर्बाइट’, इंग्रजी ‘ऑर्फन’ आणि संस्कृत ‘अर्भ’ हे एकाच आद्य इंडो-युरोपीय धातूकडे नेले जातात. ज्याचा आधार सुटला, जो दुसऱ्याच्या हाती पडला, त्या पोरक्या लहानग्याची कल्पना त्यामागे आहे. ‘अर्भ’वरून आपला ‘अर्भक’ आला. म्हणजे रोबोट आणि अर्भक हे दूरचे भाऊबंद आहेत.

आता एक अडचण. चापेकचे रोबोट यंत्रं नव्हतेच. ते रासायनिक जीवद्रव्यापासून घडवलेले, हाडामांसाचे होते. त्यांच्यात ना चाकं, ना तारा. पहिल्यावहिल्या रोबोंनाच ‘यंत्रमानव’ म्हणता येत नाही, कारण त्यांच्यात यंत्र नाही. आणि आर-टूला म्हणता येत नाही, कारण त्याच्यात मानव नाही. शब्द दोन्ही टोकांना तोकडा पडतो.

मधल्या पट्ट्यात मात्र तो अगदी चपखल आहे. फ्रिट्झ लांग यांच्या 1927 सालच्या ‘मेट्रोपोलिस’मधली धातूची स्त्री आठवा. जर्मन भाषेत तिला ‘माशिनेनमेन्श’ म्हटलं आहे, म्हणजे अक्षरशः यंत्र-मानव. ब्रिगिटे हेल्म या अभिनेत्रीने तो जड पोशाख घालून ती उभी केली आणि पन्नास वर्षांनी सी-थ्रीपीओची पहिली चित्रं काढताना चित्रकार राल्फ मॅकक्वारी यांच्यासमोर तीच होती. तिच्यापासून निघणाऱ्या घराण्याला, म्हणजे ज्यांना इंग्रजीत अँड्रॉइड म्हणतात त्यांना, यंत्रमानव जरूर म्हणावं. ‘अँड्रॉइड’ हा ग्रीक घडणीचा शब्द आहे, अर्थ ‘माणसासारखा’, आणि इंग्रजीत तो अठराव्या शतकापासून आहे. मराठीत मात्र आता ‘अँड्रॉइड’ म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. त्यामुळे चित्रपटांबद्दल लिहिताना तो टाळलेलाच बरा. ‘ड्रॉइड’ हे त्याचंच शेपूट. ‘स्टार वॉर्स’ने 1977 मध्ये ते घरोघरी नेलं, पण नेताना अर्थ सैल केला: तिथे पिंपाच्या आकाराचाही ड्रॉइडच. त्या चित्रपटापुरतं बोलताना ‘ड्रॉइड’ तसंच ठेवावं.

रूप बाजूला ठेवून काम पाहू लागलं की जुने रोबो वेगळेच दिसतात. ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला (1956) रॉबी स्वयंपाक करतो, कापड बनवतो, इंग्रजीशिवाय आणखी 187 भाषा बोलतो. त्याचा मालक त्याला समोरच्या कमांडरवर बंदूक रोखून झाडायला सांगतो, तेव्हा माणसाला इजा करायची नाही या आतल्या नियमामुळे तो जागीच अडकतो आणि त्याच्या डोक्यात ठिणग्या उडू लागतात. आज्ञा मोडता येत नाही आणि पाळताही येत नाही, ही वेठीस धरलेल्याची कोंडी मला इतकी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या दृश्यात दिसलेली नाही. ‘स्टार वॉर्स’मध्येही तेच: ड्रॉइड पकडून विकले जातात, पळू नयेत म्हणून त्यांच्या छातीवर खिट्टी ठोकतात, आणि गुत्त्यात दारू देणारा माणूस त्यांना आत येऊ देत नाही. ही यंत्रं कमी आणि चापेकच्या अर्थाने रोबोट जास्त आहेत.

याला ठळक अपवाद 1951 च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’मधल्या गॉर्टचा. परग्रहावरच्या लोकांनी रोबोंना पोलीस नेमलं आणि हिंसा करणाऱ्याचं काय करायचं याचा पूर्ण अधिकार त्यांच्याकडे देऊन टाकला, तोही कायमचा. तिथे वेठ उलटली आहे. रूपाने गॉर्ट यंत्रमानव आहे, पण मूळ अर्थाने तो रोबोट नाही.

याच्या उलट 1982 च्या ‘ब्लेड रनर’मधले रेप्लिकंट. मूळ कादंबरीत त्यांना अँड्रॉइड म्हटलं होतं. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना तो शब्द नको होता. पटकथाकार डेव्हिड पीपल्स यांच्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीने पेशींच्या प्रतिकरणावरून (रेप्लिकेशन) हा नवा शब्द सुचवला. ते जैविक आहेत, गुलाम आहेत आणि बंड करतात, म्हणजे साठ वर्षांनी पुन्हा चापेकचेच रोबोट. यांना ‘यंत्रमानव’ म्हणणं सपशेल चूक. ‘कृत्रिम माणूस’ म्हणावं. 1986 च्या ‘एलियन्स’मधला बिशप स्वतःसाठी हाच शब्द पसंत असल्याचं सांगतो, आणि ज्याला त्याला त्याच्या आवडीच्या नावाने हाक मारावी, हे मला पटतं.

एका वाचकाने ‘रोबो’तल्या गळालेल्या ‘ट’बद्दलही विचारलं आहे. चेकमध्ये आणि इंग्रजीत ‘ट’ उच्चारला जातो. ‘डेपो’मध्ये तो मुळातच मूक आहे, इथे तसं नाही. पण मराठीत ‘रोबो’ रुळला आहे, रोबोने, रोबोंना अशी रूपं जिभेवर सहज येतात, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही.

चेकमधली एक खुबी इथे सांगितली पाहिजे. त्या भाषेत पुल्लिंगी नामांचं अनेकवचन सजीवाला वेगळं आणि निर्जीवाला वेगळं होतं. चापेकने नाटकात सजीवाचं ‘roboti’ हे रूप वापरलं, निर्जीवाचं ‘roboty’ नव्हे. म्हणजे व्याकरणानेच निकाल दिला होता की हे जिवंत आहेत.

मराठीत ही सोय अनेकवचनात नाही, पण आपल्याकडे कर्माला लागणारा ‘ला’ आहे. ‘तिने खुर्ची उचलली’, पण ‘तिने बाळाला उचललं’. निर्जीव कर्म असेल तर सहसा कर्मणी प्रयोग, माणूस असेल तर भावे प्रयोग. आता रोबो घ्या. ‘तिने रोबो बंद केला’ आणि ‘तिने रोबोला बंद केलं’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण पहिल्यात तिने बटण दाबलं आणि दुसऱ्यात तिने कुणालातरी काहीतरी केलं. लिहिणाऱ्याने या दोहोंतून जाणूनबुजून निवड करावी, असं मला फार वाटतं. ‘स्टार वॉर्स’चा नायक ल्यूक याच्या काकाबद्दल ‘काकाने दोन रोबो विकत घेतले’ हे काकाच्या नजरेतून बरोबर आहे. त्याच रोबोवर माया करणाऱ्या ल्यूकबद्दल लिहिताना ‘त्याने रोबोला पुसून स्वच्छ केलं’ हवं.

भाषांतरात याचा खरा उपयोग होतो. ‘स्टार ट्रेक’च्या 1989 सालच्या एका भागात एका शास्त्रज्ञाला डेटा या यंत्रमानवाला सुटा करून अभ्यासायचं आहे, आणि डेटा हा स्टारफ्लीट या अंतराळदलाची मालमत्ता आहे की नाही यावर सुनावणी होते. कॅप्टन पिकार्ड दाखवून देतो की असे हजारो डेटा बनवून राबवले तर ती गुलामगिरीच ठरेल. तो शास्त्रज्ञ डेटाला सतत वस्तूचं सर्वनाम वापरतो, आणि शेवटी त्याच्या तोंडून नकळत माणसाचं सर्वनाम जातं. मराठीत हे सर्वनामाने साधणार नाही, कारण आपल्याकडे पंखाही ‘तो’च असतो. पण शास्त्रज्ञाला आधी ‘हा नमुना उघडायचा आहे’ आणि शेवटी ‘याला उघडायचं नाही’ असं बोलायला लावलं, तर प्रेक्षकाला फरक कानांनीच कळेल.

राहिला सायबॉर्ग. हा शब्द 1960 मध्ये मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळात तग धरू शकेल अशा, यंत्राची जोड दिलेल्या माणसासाठी घडवला. म्हणजे आधी माणूस, मग यंत्र. ‘टर्मिनेटर’मध्ये (1984) नायक ठासून सांगतो की हा रोबो नव्हे, सायबॉर्ग आहे. पण आत धातूचं यंत्र आणि वर जिवंत कातडी, हा क्रम मूळ अर्थाच्या बरोबर उलटा आहे. माझ्या मते तो यंत्रमानवच, कातडी पांघरलेला. उलट 1987 चा रोबोकॉप नावात ‘रोबो’ असूनही खरा सायबॉर्ग, कारण त्याच्यात मरफी नावाचा पोलीस उरला आहे. ‘डॉक्टर हू’मधले सायबरमेन (1966) याच वर्गातले. त्याच मालिकेतले डालेक (1963) मात्र यांपैकी काहीच नाहीत. त्या धातूच्या कवचात एक जिवंत प्राणी बसलेला असतो आणि कवच हे त्याचं वाहन आहे, म्हणून त्यांना रोबो लिहू नये. आणि 1968 च्या ‘2001’मधल्या हाल 9000 ला हातपाय नाहीत, धड नाही. त्याला संगणक म्हणणं पुरेसं आहे.