दाराच्या आतून वाच

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवरात्रापासून तू भयकथा आणि खऱ्या खुनांच्या हकिगती आलटून पालटून वाचते आहेस. मजा येते आहे, आणि त्या मजेचीच आता भीती वाटायला लागली आहे. नारायण धारपांच्या भयकथा वाचताना अंगावर काटा आला की बरं वाटतं, पण पुण्यातल्या खऱ्या खुनांचं जोशी-अभ्यंकर प्रकरण वाचतानाही तसंच बरं वाटलं तेव्हा स्वतःची किळस आली, असं लिहिलंस. वाचनाने माणूस बिघडत नाही वगैरे मी सांगत बसणार नाही, ते तुला कळतं. किळस आली हे चांगलं झालं. ती घालवायच्या मागे लागू नकोस, ती कशाची आली ते बघ.

धारपांची किंवा रत्नाकर मतकरींची एखादी चांगली भयकथा घे. जुनं घर, परसातली विहीर, माडीवरची कुलूप लावलेली खोली. त्या घरात राहायला आलेल्या माणसाबरोबर आपण असतो. त्याच्या बायकोला घर का आवडलं नाही, मुलाचा ताप कधीपासून उतरत नाही, एवढ्या मोठ्या जागेचं भाडं इतकं कमी कसं, हे सगळं आपल्याला माहीत असतं. बाहेर पाऊल वाजतं तेव्हा आपण दाराच्या आत असतो, हात कडीवर. त्या भीतीत लाजण्यासारखं काहीच नाही.

आता तू वाचलेल्या खुनांच्या हकिगती आठव. बहुतेकींत आपण बाहेर उभे असतो, मारायला आलेल्यांच्या घोळक्यात. घरावर पाळत त्यांच्याबरोबर ठेवतो, दोरी त्यांच्याबरोबर घेतो, बेल त्यांच्याबरोबर दाबतो. आत कोण राहतं ते दार उघडेपर्यंत आपल्याला ठाऊक नसतं, आणि दार उघडलं की तो माणूस दोन ओळींत संपतो. तुला किळस आली ती या उभं राहण्याच्या जागेची. मग जागा बदल. दाराच्या आत जा आणि तिथून वाच.

जोशी-अभ्यंकर प्रकरणाचंच बघू. 31 ऑक्टोबर 1976, दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पुण्यात विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातल्या तिघांना मारलं. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात अभ्यंकरांच्या घरातल्या पाच जणांना. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात एकूण दहा माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. अंधार पडला की रस्ते ओस पडायचे. दार वाजलं की आई आधी खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बघायची, नाव विचारायची, आवाज ओळखीचा वाटला तरी पुन्हा विचारायची. दूधवाल्यालासुद्धा. त्या हिवाळ्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं दाराच्या आतलं आहे, आणि म्हणूनच या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मारणारे कोण होते हे तुला पाठ आहे. कुठल्या कॉलेजात होते, कोण म्होरक्या होता, कोण माफीचा साक्षीदार झाला, 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, सगळं तू पत्रात न अडखळता लिहिलं आहेस. अभ्यंकरांबद्दल काय लिहिलंस? ‘एक वृद्ध संस्कृत पंडित.’ बस? अगं, काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे केवढा माणूस! पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरचं पतंजलीचं व्याकरणमहाभाष्य त्यांच्या वडिलांनी, वासुदेवशास्त्रींनी, मराठीत आणलं, आणि त्याला काशिनाथशास्त्रींनी अख्खा प्रस्तावना खंड लिहिला. संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेचा त्यांचा कोश 1961 साली बडोद्याहून निघाला. देवनागरीत एकेक संज्ञा, पुढे इंग्रजीत तिचा अर्थ, कुठल्या सूत्रात आली त्याचा आकडा. जगात कुठेही पाणिनी शिकणारा विद्यार्थी आजही तो कोश उघडतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा हा माणूस घरात होता. त्यांची पत्नी होती, नातू होता, नात होती. आणि घरकामाला असलेल्या बाई होत्या, ज्यांना जवळजवळ प्रत्येक हकिगतीत ‘मोलकरीण’ एवढ्या एका शब्दात उरकलं जातं. त्यांना नाव आहे. मी ते इथे देत नाही. तू शोध.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. लंडनमध्ये 1888 च्या शरदात व्हाइटचॅपल भागात पाच बायकांचे खून झाले. खुनी कोण याचा तर्क लढवण्यात शंभराहून अधिक वर्षं गेली, पुस्तकांचे ढीग झाले. हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी 2019 मध्ये फक्त त्या पाचजणींच्या आयुष्यावर पुस्तक काढलं. त्या कुठे जन्मल्या, कुणाशी लग्न केलं, मुलं किती, घर कसं सुटलं. कागदपत्रं आधीपासून होतीच. दाराच्या आत जाऊन ती चाळावीत असं फार कुणाला वाटलं नव्हतं, इतकंच.

तू म्हणशील, गुन्हेगार समजून घ्यायला नको का? हवा ना. ते काम पोलिसांनी केलं, न्यायालयाने केलं, तिथे त्यांचं म्हणणं सत्र न्यायालयापासून वरपर्यंत ऐकून घेतलं गेलं. चौघांपैकी एकाने तुरुंगात आत्मकथनसुद्धा लिहिलं. त्यांची बाजू अपुरी राहिलेली नाही. जोशींच्या घरातल्या कुणी आत्मकथन लिहिलं?

याच मुद्द्यावर माझी एक जुनी मैत्रीण तुटली. आमच्या वाचनकट्ट्यावर तिने या प्रकरणावर बोलायचं ठरवलं होतं, आणि टिपणात आरोपींच्या बालपणाची चार पानं आणि मेलेल्यांची एक यादी होती. मी म्हटलं, उलट कर, नाहीतर मी येणार नाही. तिने उलट केलं नाही, मी गेले नाही. नंतर ती आजारी पडली तेव्हाही आम्ही बोललो नव्हतो, आणि आता बोलायला ती नाही. याचं वाईट मला रोज वाटतं. पण आज तेच टिपण कुणी पुढे ठेवलं तर आजही तेच म्हणेन. हट्टी म्हणतात मला. म्हणोत. दहा जणांच्या बाजूने कुणीतरी हट्ट धरायला हवा की नको?

तेव्हा भयकथा सोडू नकोस. ‘धनंजय’चा, ‘नवल’चा दिवाळी अंक घे, फराळ करत खुशाल घाबर. त्या गोष्टींनीच तुला आत उभं राहायला शिकवलं आहे, म्हणून तर किळस आली. तीच सवय खऱ्या घटनांपर्यंत ने. पुस्तक हातात घेतलंस की आधी पाहा, मेलेला माणूस आदल्या दिवशी काय करत होता हे लेखकाने शोधलं आहे का. नसेल शोधलं तर पुस्तक खाली ठेव. कितीही थरारक असलं तरी खाली ठेव. आणि हे ‘पण शैली छान आहे’ मला पुन्हा ऐकवू नकोस.

महाभाष्याचा प्रस्तावना खंड माझ्याकडे आहे. जड आहे, सगळा कळणार नाही, मलाही कळलेला नाही. भाऊबीज झाली की येऊन घेऊन जा. त्याआधी मला एक पत्र टाक. त्यात त्या रात्री ‘स्मृती’त असलेल्या पाचही जणांची पूर्ण नावं लिही. मारणाऱ्यांची नकोत.