रबर ताणून बघा, मुलीला नको

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ६८ टक्के आहेत. तिला पॉलिमर आणि नॅनोरचनांच्या भौतिकशास्त्रात संशोधन करायचंय. पण प्लास्टिक म्हणजे केमिस्ट्री, तिथे फिजिक्सवाल्यांना कोण विचारतो? हट्ट सोडला नाहीस तर पुढचा खर्च करणार नाही, असं मी तिला सांगितलंय. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही. तिला समजवा. – एक वडील

उत्तर : नमस्कार. ६८ टक्क्यांची मला काळजी नाही. ‘हल्ली ती घरात फारशी बोलत नाही’ हे वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. खर्चाच्या धमकीला लागूनच तुम्ही ते लिहिलंय आणि तरीही दोन्हींचा संबंध तुमच्या लक्षात आलेला नाही. धमकी हा शब्द मी विचार करूनच वापरतेय. एखादा विषय मनापासून आवडणं हा हट्ट नव्हे. पैशाची अट घातली की मूल गप्प बसतं, त्याचं मत बदलत नाही. आधी ती अट मागे घ्या, तिच्यासमोर, स्पष्ट शब्दांत. बाकीचं नंतर.

आता केमिस्ट्रीचं. एक रुंद रबरबँड ओठांना लावून झटकन ताणा, कोमट लागेल. थोडा वेळ तसाच धरून सैल सोडा, गार लागेल. रबर तयार करणं हे केमिस्ट्रीचं काम, पण हे असं का होतं ते फिजिक्स सांगतं. रबरातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या, म्हणजेच पॉलिमर, एरवी असंख्य तऱ्हांनी वेटोळी घालून बसतात. ताणल्या की त्या तऱ्हा कमी होतात, एन्ट्रॉपी, म्हणजे या तऱ्हांचं मोजमाप, घटते आणि उष्णता बाहेर पडते. फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन चुंबकत्व, अतिवाहकता असं करत करत पॉलिमरकडे आले. गुंत्यात अडकलेली साखळी सापासारखी सरपटत वाट काढते, ही कल्पना त्यांनी १९७१ मध्ये मांडली. १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं ते भौतिकशास्त्राचंच. आणि नॅनोरचना? एकमेकांत न मिसळणारे दोन पॉलिमर एकाच साखळीत जोडले, तर त्यांना वेगळं व्हायचं असतं पण दूर जाता येत नाही. मग साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) थर, दंडगोल आपोआप तयार होतात. मला तर यापेक्षा सुंदर विषय सुचत नाही.

वाट लांब आहे, हे तिलाही सांगते. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, नंतर बहुधा तात्पुरती संशोधनपदं, आणि कायमची जागा सगळ्यांना मिळत नाही. रंग, चिकटद्रव्यं, टायर, चिप यांच्या उद्योगांत मात्र अशी माणसं लागतात. नावात ‘नॅनो’ आहे म्हणून कुठलीही पदवी घेऊ नये. एम.एस्सी. सरळ फिजिक्समध्येच करावी, सांख्यिकी भौतिकी (असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याचं शास्त्र) घोटून घ्यावी, जोडीला प्रोग्रॅमिंग शिकावं. प्रवेश परीक्षांचं तिचे प्राध्यापक माझ्यापेक्षा नीट सांगतील.

तुमच्या एवढ्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या. हा विषय तिला कुठे भेटला, एवढंच मला हवंय. आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.